टेंगूळ बाहेर आले म्हणजे मार आत गेला नाही, हे कितपत खरे आहे?

खिडकीतली_तुळस (धागाकर्ती), रविवार, रात्री ९.५०

नमस्कार. गेल्या बुधवारी संध्याकाळी माझा साडेतीन वर्षांचा मुलगा दिवाणावर उड्या मारता मारता खाली पडला आणि त्याचे कपाळ लाकडी स्टुलाच्या कडेवर आपटले. आम्ही लालबागला चाळीत राहतो. दिवाण, कपाट, शिलाई मशीन आणि ओटा एकाच खोलीत असल्यामुळे मूल पडले की कशाच्या तरी कोपऱ्यावरच पडते. तो लगेच मोठ्याने रडला, म्हणजे शुद्ध हरपली नव्हती हे नक्की. पण मी त्याला उचलून घेईपर्यंत, जेमतेम मिनिटभरात, डाव्या भुवईच्या वर लिंबाएवढे टेंगूळ आले. इतक्या लवकर इतकी मोठी सूज मी यापूर्वी पाहिली नव्हती. माझे हातपाय गळाले.

सासूबाईंनी पदराचा बोळा करून तोंडाच्या वाफेने शेकायला सुरुवात केली. शेजारच्या काकू आंबेहळद उगाळून घेऊन आल्या. समोरच्या खोलीतल्या काकांनी रात्रभर त्याला झोपू देऊ नका असे बजावले, तर दिरांनी फोनवरून आत्ताच्या आत्ता सीटी स्कॅन करून घ्या असे सांगितले. उपायांवर कोणाचेच एकमत नव्हते, पण एक वाक्य मात्र सगळ्यांच्या तोंडी होते: टेंगूळ बाहेर आले ना, मग काळजीचे कारण नाही, मार आत गेला असता तर टेंगूळ आले नसते.

त्या रात्री तो व्यवस्थित जेवला, झोपला आणि सकाळी नेहमीसारखा उठला. शनिवारी सकाळी मात्र टेंगूळ निम्म्याहून कमी झालेले असताना डाव्या डोळ्याची वरची पापणी सुजून जांभळी पडलेली दिसली. डोळ्याला काहीही लागलेले नव्हते. आम्ही धावत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, त्याला चालायला लावले, चार प्रश्न विचारले आणि घाबरू नका असे सांगितले. बाहेर रांग मोठी होती, म्हणून मला खरोखर विचारायचे होते ते विचारायचे राहून गेले. टेंगूळ नेमके कशाचे बनते, ते डोळ्यात कसे उतरले, आणि ते बाहेर येणे ही खरोखर चांगली खूण आहे का? कोणी समजावून सांगेल का?

बालरोग_निवृत्त, रविवार, रात्री ११.१५

तुळसताई, मी मुंबईतील महापालिकेच्या रुग्णालयात बालरोग विभागात बरीच वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. तुमच्या मुलाला तपासलेल्या डॉक्टरांचे मत माझ्या लिहिण्यापेक्षा महत्त्वाचे आहे, हे आधी नोंदवतो. मात्र ज्या वाक्यावर सगळ्यांचे एकमत झाले, त्याविषयी मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण ते वाक्य मी अपघात विभागाच्या दारात अनेकदा ऐकले आहे आणि त्यापायी काही मुलांना उशिरा आणलेलेही पाहिले आहे.

डोक्यावर कवटीच्या हाडाच्या वर एकावर एक असे पाच थर असतात. सर्वांत वर केसांची त्वचा. तिच्याखाली चरबी आणि चिवट तंतू यांचा दाट थर, आणि बहुतेक रक्तवाहिन्या याच थरातून जातात. त्याखाली कपाळापासून मानेच्या वरपर्यंत ताणलेला एक मजबूत पडदा असतो, त्याखाली सैल जाळीसारखा थर, आणि शेवटी हाडाला चिकटलेले पातळ आवरण. दुसऱ्या थरातील रक्तवाहिन्यांच्या भिंती आजूबाजूच्या तंतूंना घट्ट जोडलेल्या असल्यामुळे त्या फुटल्यावर हातापायांतील वाहिन्यांप्रमाणे आक्रसून बंद होऊ शकत नाहीत. म्हणूनच डोक्याला लहानशी खोक पडली तरी शर्ट भिजेपर्यंत रक्त येते. आणि कातडी न फाटता मुका मार बसला, तर तेच रक्त आतल्या आत साचते. मांडीला असाच मार बसला असता तर रक्त स्नायूंमध्ये पसरले असते आणि वरून फारसे काही दिसले नसते. कपाळाच्या खाली मात्र लगेच हाड आहे. रक्ताला खाली जायला वाट नाही, म्हणून ते वर उचलले जाते, आणि मिनिटभरात लिंबाएवढे टेंगूळ उभे राहते.

याचा अर्थ असा की टेंगूळ कवटीच्या बाहेर घडलेली गोष्ट सांगते. कवटीच्या आत काय झाले किंवा झाले नाही, याविषयी ते खात्रीने काही सांगत नाही. मोठे टेंगूळ येऊनही मेंदू पूर्ण सुरक्षित असू शकतो, आणि बहुतेक वेळा तसेच असते. उलट वरून ओरखडाही नसताना आत रक्तस्राव होऊ शकतो, आणि क्वचित दोन्ही एकाच वेळी होऊ शकते. मार एक तर बाहेर येतो नाहीतर आत जातो, असे त्याला दोनच रस्ते आहेत ही कल्पनाच मुळात चुकीची आहे.

दोन वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तर ही समजूत धोकादायक ठरू शकते. अमेरिकेतील २५ रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत डोक्याला मार लागून आलेल्या, पण शुद्धीवर असलेल्या ४२,४१२ मुलांचा एक मोठा अभ्यास २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे ०.९ टक्के मुलांनाच मेंदूची गंभीर इजा झालेली होती, म्हणजे शंभरातील नव्याण्णव आईवडिलांची भीती सुदैवाने खरी ठरली नाही. या अभ्यासातून धोका ओळखण्याचे जे निकष तयार झाले, त्यांत दोन वर्षांखालील मुलांसाठी एक निकष टेंगळाचाच आहे. कपाळावरचे टेंगूळ त्यात धरलेले नाही, परंतु डोक्याच्या बाजूला, कानाच्या वर किंवा मागच्या बाजूला आलेले टेंगूळ ही डॉक्टरांना दाखवण्याजोगी खूण मानली आहे. म्हणजे बाळाच्या डोक्याच्या बाजूला मऊ, पसरट टेंगूळ आले असताना ‘बरे झाले, बाहेर आले’ असे म्हणून घरी बसणे हे नेमके उलटे वागणे आहे.

त्याच निकषांमधील आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आईवडिलांच्या मते मूल नेहमीसारखे वागत नसेल, तर तोही एक स्वतंत्र निकष आहे. तुमच्या डॉक्टरांनी मुलाला चालायला लावले, बोलते केले, बुबुळे पाहिली. टेंगूळ मोजत ते बसले नाहीत. नेमके तेच पाहायचे असते.

पापणीविषयी. साचलेले रक्त हळूहळू सैल थरात झिरपते. कपाळाचा स्नायू भुवईजवळ हाडाला नव्हे तर त्वचेला जोडलेला असल्यामुळे रक्ताला तेथे अडवणारी भिंत नसते, आणि ते गुरुत्वाकर्षणाने पापणीच्या सैल कातडीत उतरते. कपाळावरच्या टेंगळानंतर दोन-तीन दिवसांनी पापणी काळीनिळी होणे हे नेहमीचेच आहे. पुढे तो रंग हिरवट आणि मग पिवळसर होईल, कारण रक्तातील लाल द्रव्याचे विघटन याच क्रमाने होते. मात्र मार लागल्यानंतर काही तासांतच दोन्ही डोळ्यांभोवती काळे घेर आले, कानामागे काळानिळा डाग उमटला किंवा नाका-कानातून पाण्यासारखा पातळ द्रव आला, तर ते कवटीच्या तळाचे हाड मोडल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी क्षणभरही थांबू नये.

डबा_नऊ, सोमवार, सकाळी ८.०५

डॉक्टर, फार उपयुक्त माहिती. मी रोज लोकलने प्रवास करतो. गेल्या महिन्यात कुर्ल्याला गर्दीत उतरताना दाराच्या मधल्या खांबावर डोके आपटून माझ्याही डोक्याच्या वरच्या बाजूला चांगले मोठे टेंगूळ आले होते. कार्यालयात पोहोचल्यावर सहकाऱ्याने बाम चोळून दिला आणि संध्याकाळी ते आणखी मोठे झाले. बर्फ लावायचा की शेकायचे, आणि किती वेळ, हे कोणी नीट सांगेल का?

वॉर्डातली_सिस्टर, सोमवार, दुपारी २.३०

बाम चोळल्यामुळेच ते वाढले असण्याची शक्यता आहे. फुटलेल्या बारीक रक्तवाहिनीच्या तोंडाशी रक्त गोठून एक नाजूक बूच बसते. चोळल्याने ते निघते आणि रक्त पुन्हा झिरपू लागते. म्हणून पहिले दोन दिवस तेल, बाम किंवा नुसत्या हातानेही टेंगूळ चोळू नये. ‘दाबून बसवणे’ हा प्रकारही नको. मी एका आजोबांना नातवाच्या कपाळावर स्टीलची वाटी जोराने दाबताना पाहिले आहे आणि त्या मुलाचा आक्रोश अजून आठवतो. बर्फाची पुरचुंडी हलक्या हाताने टेकवणे पुरेसे असते.

थंड शेक पहिल्या तासाभरात सुरू केला तर त्याचा खरा उपयोग होतो, कारण गारव्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि दुखणेही बधिर होते. बर्फाचे तुकडे रुमालात किंवा पातळ पंचात गुंडाळावेत. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये, कारण त्याने कातडी पोळते. मोठ्या माणसाला १५ ते २० मिनिटे, लहान मुलाला १० मिनिटे, मग विश्रांती, आणि पहिल्या दिवशी जागेपणी दर दोन-तीन तासांनी पुन्हा, इतके पुरे. घरी बर्फ नसेल तर गोठवलेल्या मटारचे पाकीट किंवा थंड पाण्यात बुडवून पिळलेला कपडाही चालतो. गरम शेक पहिले दोन दिवस देऊ नये, कारण उष्णतेने रक्तवाहिन्या पसरतात.

तुळसताईंच्या सासूबाईंनी पदराने दिलेल्या शेकाबद्दल मी कठोर बोलणार नाही. ती ऊब इतकी सौम्य असते की त्याने काही बिघडत नाही, आणि घाबरलेले मूल कुशीत घेतल्याने शांत होते. मूल शांत झाले की ते नीट बघते का, नीट बोलते का, हे आपल्याला पाहता येते. फक्त दुसऱ्या कोणी तोवर बर्फ आणावा.

औषधाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. दुखत असेल तर पॅरासिटामॉल द्यावे, मुलाच्या वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर ठेवून, आणि दिवसात चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. मात्र आपल्याकडे हे सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन तीव्रतांमध्ये मिळते. घरात मागच्या वेळची बाटली एका तीव्रतेची असते, नवी दुसऱ्या तीव्रतेची येते, आणि ‘नेहमीसारखे एक झाकण’ देताना मात्रा दुप्पट होते. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय झाकण भरू नका. मार लागल्यानंतर लगेच आयबुप्रोफेन किंवा ते मिसळलेले औषध स्वतःहून देऊ नये, कारण त्याने रक्त गोठण्यास अडथळा येऊ शकतो. आणि अ‍ॅस्पिरिन तर सोळा वर्षांखालील मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कधीच देऊ नये.

आजीबाईंचा_बटवा, सोमवार, संध्याकाळी ६.४०

आंबेहळदीचा उल्लेख झाला म्हणून लिहिते. आमच्याकडे मुक्या मारावर आंबेहळद आणि रक्तचंदन सहाणेवर उगाळून लावण्याची पद्धत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे आणि मला स्वतःला तिचा चांगला अनुभव आहे. सगळेच घरगुती उपाय एका फटकाऱ्यात मोडीत काढू नयेत अशी विनंती.

वॉर्डातली_सिस्टर, सोमवार, रात्री ८.१०

ताई, मोडीत काढत नाही. कातडी अखंड असेल तर बर्फाचा शेक झाल्यावर वरून पातळ लेप लावण्याला माझी हरकत नाही, फक्त तो डोळ्यापासून दूर ठेवावा आणि लावताना चोळू नये. माझा आक्षेप फुटलेल्या कातडीबद्दल आहे. खोक पडलेली असताना तिच्यात हळद, कॉफी पूड किंवा चुना भरून आणलेली मुले आमच्याकडे नेहमी येत. टाके घालण्याआधी तो सगळा चिखल धुऊन काढावा लागतो, मुलाला दुप्पट त्रास होतो, आणि जखम किती खोल आहे हे ती धुतल्याशिवाय कळतही नाही. खोक असेल तर स्वच्छ कापडाची घडी तिच्यावर ठेवून सलग दहा मिनिटे दाबून धरावी, मध्ये मध्ये उचलून पाहू नये. बोटाखाली हाड खचल्यासारखे लागत असेल तर मात्र दाब देऊ नये. नुसती घडी ठेवून रुग्णालय गाठावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीखही तेथे विचारतील, ती माहीत असू द्यावी.

आजीबाईंचा_बटवा, सोमवार, रात्री ८.२५

हे मान्य आहे. खोकेत हळद भरण्याची सवय आमच्याही घरात आहे, ती बंद करू.

मुलुंडची_मावशी, मंगळवार, सकाळी १०.२०

मला झोपेविषयी विचारायचे आहे. माझी भाची मागच्या पावसाळ्यात जिन्यावर घसरली, तेव्हा तिला रात्री अडीचपर्यंत गाल थोपटून जागे ठेवले होते. शेवटी ती इतकी थकली की उलटी झाली आणि आम्ही घाबरून रुग्णालयात धावलो. झोपू द्यायचे नाही, हा नियम खरा आहे का?

बालरोग_निवृत्त, मंगळवार, दुपारी १२.४५

मूल पडल्यानंतर नीट वागत असेल, धोक्याची कोणतीही खूण नसेल आणि त्याची झोपेची वेळ झाली असेल, तर त्याला झोपू द्यावे. रडून आणि घाबरून मूल दमते, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासात त्याला झोप येणे स्वाभाविक आहे. जबरदस्तीने जागवलेले मूल चिडचिडे होते, पेंगते, कधी ओकतेही, आणि मग हे थकव्यामुळे आहे की मेंदूवरच्या दाबामुळे, हे घरच्यांनाही कळत नाही आणि आम्हालाही कळत नाही. तुमच्या भाचीच्या बाबतीत बहुधा हेच झाले असावे.

मात्र ही समजूत निराधार नाही. कानशिलाजवळ कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. तेथे मार बसून हाडाला तडा गेला तर ती धमनी फाटून कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. अशा काही रुग्णांमध्ये पहिला धक्का ओसरल्यावर माणूस काही वेळ अगदी ठणठणीत दिसतो, बोलतो, चालतो, आणि मग डोकेदुखी वाढत जाऊन बेशुद्ध होतो. इंग्रज अभिनेत्री नताशा रिचर्डसन १६ मार्च २००९ रोजी कॅनडात बर्फावर घसरण्याचा खेळ शिकताना पडल्या, सुरुवातीला त्यांनी वैद्यकीय मदत नाकारली, आणि दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले. कारण हाच रक्तस्राव होता. ‘झोपला आणि उठलाच नाही’ अशा ज्या गोष्टी आपण ऐकतो त्यांच्या मुळाशी असे प्रसंग असतात. तेथे झोपेने घात केलेला नसतो. बेशुद्धीकडे जाणे झोपेसारखे दिसले म्हणून कोणी उठवून पाहिले नाही, हे खरे कारण असते.

म्हणून झोपू द्यावे आणि लक्ष ठेवावे. श्वास नेहमीसारखा आहे का, चेहऱ्याचा रंग ठीक आहे का, कूस बदलतो का, हे अधूनमधून पाहावे. मनात शंका असेल तर रात्रीतून एक-दोनदा हलवून उठवावे. मूल कुरकुरले, आईला ओळखले, पांघरूण ओढून पुन्हा झोपले, की चिंता नको. हलवूनही नीट जागे होत नसेल, तर त्याच क्षणी रुग्णालय. पहिले २४ तास सर्वांत महत्त्वाचे असतात आणि ४८ तासांपर्यंत सावध राहावे.

रुग्णालयात केव्हा न्यावे, हे एकदा स्पष्ट लिहितो. शुद्ध हरपली असेल, अगदी काही सेकंद का होईना. झटका आला असेल. पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, रडण्याच्या भरात झालेली एखादी उलटी वेगळी. डोकेदुखी कमी होण्याऐवजी वाढत असेल. बोलणे अडखळत असेल, हातापायांत जोर नसेल, चालताना तोल जात असेल. डोळ्यांची एक बाहुली मोठी आणि एक लहान दिसत असेल. तेच तेच प्रश्न विचारत असेल. किंवा तान्ह्या बाळाची टाळू फुगलेली वाटत असेल. पडण्याची उंचीही सांगा. वर उल्लेख केलेल्या निकषांत दोन वर्षांखालील मुलांसाठी सुमारे तीन फूट आणि त्याहून मोठ्या मुलांसाठी सुमारे पाच फूट ही सीमा धरली आहे. दिवाण दीड फुटांचा असतो, पण पोटमाळा सात फुटांवर असतो. त्या शिडीवरून पडलेल्या मुलाला टेंगूळ असो वा नसो, दाखवून आणावे.

घाटकोपरकर, मंगळवार, रात्री १०.००

येथे सगळी चर्चा मुलांची चालली आहे, म्हणून वडिलांचा अनुभव लिहितो. ते त्र्याहत्तर वर्षांचे, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमिततेमुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणारे. न्हाणीघरात पाय घसरून डोक्याची मागची बाजू नळावर आपटली आणि सुपारीएवढे टेंगूळ आले. जवळच्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढला आणि सर्व नीट आहे असे सांगून घरी पाठवले. गोळ्यांबद्दल कोणी विचारले नाही, आणि आम्हीही सांगितले नाही. टेंगूळ आठवड्यात बसले. तीन आठवड्यांनी मात्र ते चालताना डावीकडे झुकू लागले, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागू लागला, आणि एके दिवशी त्यांनी सकाळचा चहा दोनदा मागितला. आम्हाला वाटले, वय झाले. बहिणीने हट्ट धरून सीटी स्कॅन करायला लावले, तेव्हा मेंदूभोवती जुने रक्त साचून मेंदू एका बाजूला ढकलला गेलेला दिसला. कवटीला छिद्र पाडून ते रक्त काढले आणि आज ते पुन्हा बागेत फिरायला जातात. परंतु ते तीन आठवडे मला आजही झोपू देत नाहीत. एक्स-रे नीट आला म्हणून आम्ही निर्धास्त झालो, ही आमची चूक होती.

बालरोग_निवृत्त, बुधवार, सकाळी ९.३०

तुमचे वडील बरे झाले हे वाचून समाधान वाटले. ती चूक तुमची मानू नका. एक्स-रेमध्ये हाड दिसते, मेंदू दिसत नाही आणि साचलेले रक्तही दिसत नाही, हे रुग्णाला सांगणे डॉक्टरांचे काम होते. वय वाढते तसा मेंदू किंचित आक्रसतो आणि मेंदू व आवरण यांना जोडणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. किरकोळ धक्क्यानेही त्यांतील एखादी फाटते, रक्त थेंबाथेंबाने साचते, आणि लक्षणे दिसायला आठवडे लागतात. वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेल किंवा तत्सम रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला लागलेला कोणताही मार किरकोळ समजू नये आणि टेंगूळ किती मोठे आहे हे न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गोळ्या स्वतःहून बंदही करू नयेत. त्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी.

डबा_नऊ, बुधवार, दुपारी १.१५

मग प्रत्येकाचेच सीटी स्कॅन करून का घेऊ नये? मनाची शंका तरी फिटेल.

बालरोग_निवृत्त, बुधवार, दुपारी ३.००

प्रौढ व्यक्तीत, त्यातही घाटकोपरकरांच्या वडिलांसारख्या रुग्णात, स्कॅनचा निर्णय लवकर घ्यावा असे माझे मत आहे. लहान मुलांत मात्र हात आखडता ठेवावा लागतो. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांची मात्रा साध्या एक्स-रेपेक्षा बरीच जास्त असते, वाढत्या वयाच्या पेशींना त्याची बाधा अधिक होते, आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाला स्थिर झोपवण्यासाठी कधी गुंगीचे औषधही द्यावे लागते. आधी सांगितलेले निकष मुख्यतः ज्यांना स्कॅनची गरज नाही अशी मुले ओळखण्यासाठीच तयार झाले. मधल्या शंकेच्या प्रकरणात मुलाला काही तास रुग्णालयात डोळ्यांसमोर ठेवणे हा चांगला मार्ग आहे. स्कॅन त्या एका क्षणाचे चित्र देतो. जो बदल पुढच्या चार-सहा तासांत होणार आहे, तो शेजारी बसून पाहणाऱ्यालाच कळतो.

शुद्ध मोजण्यासाठी आम्ही जी पद्धत वापरतो ती ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली मांडली. डोळे उघडतो का, बोलतो कसा, हात-पाय हलवतो कसे, एवढ्या तीनच गोष्टींना गुण देऊन ३ ते १५ अशी बेरीज करतात. त्यात कोणतेही यंत्र लागत नाही.

मुंबईत राहणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की धोक्याची खूण असेल तर सीटी स्कॅन आणि मेंदूचे शल्यविशारद दोन्ही आहेत अशाच ठिकाणी थेट जावे. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, मुंबई सेंट्रलचे नायर, भायखळ्याचे जे. जे. येथे अपघात विभाग रात्रंदिवस चालू असतात. कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये आधी नेऊन, तेथून चिठ्ठी घेऊन पुढे जाण्यात संध्याकाळच्या वाहतुकीत तास-दीड तास निघून जातो आणि डोक्याच्या मारात तोच वेळ मोलाचा असतो. रुग्णवाहिकेसाठी १०८.

खिडकीतली_तुळस (धागाकर्ती), तीन आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री ९.२०

सर्वांचे मनापासून आभार. पापणीचा रंग डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणेच हिरवट, मग पिवळा होत दहाव्या दिवशी गेला. आता भुवईच्या वर बोटाला वाटाण्याएवढी टणक गाठ लागते आणि तिच्या मध्यभागी किंचित खळगा असल्यासारखे वाटते. हाड खचलेले तर नसेल ना? दुखत नाही, आणि तो नेहमीसारखा धुमाकूळ घालतो आहे.

बालरोग_निवृत्त, शुक्रवार, रात्री १०.४०

साचलेले रक्त कडेने आधी गोठून टणक होते आणि मध्यभागी मऊ राहते, त्यामुळे बोटाला खळगा असल्याचा भास होतो. या भासाने नव्या डॉक्टरांचीही फसगत होते. अशी गाठ विरघळायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. क्वचित तेथे थोडे कॅल्शियम साठून बारीक उंचवटा कायम राहतो, आणि त्याने काही बिघडत नाही. गाठ लहान होते आहे की नाही एवढेच आठवड्यातून एकदा पाहा, रोज दाबून पाहू नका. ती वाढू लागली, लाल किंवा गरम झाली, तिच्यात पू झाल्यासारखे वाटले किंवा ताप आला, तर दाखवा. पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांचेही बोट तिच्यावर फिरू द्या, म्हणजे तुमच्या मनातली शंका राहणार नाही.

मुलुंडची_मावशी, शनिवार, सकाळी ११.००

हे वाचून मी माझ्या डोक्याच्या मागे हात लावून पाहिला तर मानेच्या वर मधोमध टणक उंचवटा लागला. मला कधी मार लागल्याचे आठवत नाही.

वॉर्डातली_सिस्टर, शनिवार, दुपारी १२.१०

तो तुमच्या कवटीच्या हाडाचाच भाग आहे, मावशी. प्रत्येकाला असतो, कोणाचा जास्त जाणवतो. मार लागल्यावर आपण पहिल्यांदा डोके चाचपतो आणि वर्षानुवर्षे असलेले उंचवटे, कानामागच्या लहान गाठी, केसांतल्या चरबीच्या गाठी तेव्हाच सापडतात. दोन्ही बाजू एकदम चाचपून सारख्या आहेत का पाहावे, म्हणजे निम्मी शंका तिथेच मिटते.

खिडकीतली_तुळस (धागाकर्ती), रविवार, रात्री ८.३०

काल संध्याकाळी तो पुन्हा पडला, या वेळी चाळीच्या सामायिक गॅलरीत, धावताना, कठड्याच्या खांबावर. मी ओट्याशी होते. बाहेर आले तेव्हा सासूबाईंनी त्याला मांडीवर घेतलेले होते. त्या त्याला विचारत होत्या, मी कोण, काकूंच्या मांजरीचे नाव काय, दोन्ही हातांनी माझा हात घट्ट धरून दाखव बघू. मग त्यांनी त्याचा चेहरा उजेडाकडे वळवून दोन्ही डोळे पाहिले, मला बर्फ आणायला सांगितले, घड्याळात किती वाजले ते मोठ्याने म्हणून ठेवले, आणि त्यानंतर पदराचा बोळा करून त्यावर तोंडाची वाफ घातली. तो शेक मी थांबवला नाही.